महिपतीचं तयार इंग्रजी

“लास्ट बट नॉट द लीस्ट” एवढ्या पाच शब्दांवरून आमच्या आंदर मावळात दोन मोठी माणसं एकमेकांच्या घरच्या लग्नालाही जात नाहीत. भांडण बांधाचं नाही, पाण्याचं नाही, मतांचंही नाही. महिपतीने एकाला स्टेजवर बोलावताना हे पाच शब्द लावले आणि दुसऱ्याला लावले नाहीत, एवढंच. तो दुसरा अजून म्हणतो, “मला नुसतं ‘आनि’ म्हनून बोलावला. आनि! मी काय भेळीवरची शेव हाय व्हय?”

मी संदेश. टाकव्यात माझी संदेश साऊंड सर्व्हिस आहे, मंडपाचंही काम करतो. बारसं असो, साखरपुडा असो, भूमिपूजन असो, नाहीतर दहावा असो, माईक माझा आणि माईकमागचं तोंड महिपतीचं, असं कित्येक वर्षं चाललं. त्याचं एकूण एक वाक्य मी माझ्या भोंग्यातून ऐकलंय. इतकं मी बायकोचंही ऐकलेलं नाही, आणि ती हे वाचणार आहे हे माहीत असून लिहितोय.

महिपती शेतकऱ्याचा पोरगा. दोघं भाऊ. थोरला दत्तोबा, धाकटा हा. बाप लवकर गेला तेव्हा दत्तोबाने शाळा सोडून भाताची खाचरं सांभाळली आणि धाकट्याला वडगावला शिकायला घातलं. धाकटा बारावीला दोनदा आपटला. मग लोणावळ्याला एका हॉटेलात, हॉलमध्ये खुर्च्या लावायच्या कामाला लागला. त्या हॉलमध्ये मुंबई-पुण्याच्या कंपन्यांची शिबिरं व्हायची. टाय लावलेला एखादा माणूस पुढं उभा राहून बोलायचा, लोक टाळ्या वाजवायचे, आणि महिपती मागच्या भिंतीला पाण्याच्या बाटल्या घेऊन उभा. कंपनी औषधांची असो नाहीतर टायरची, वाक्यं तीच. टाळ्या पण तिथंच. महिपतीच्या तेव्हाच ध्यानात आलं, की बाबा रे, इंग्रजी शिकायची गरजच नाही. इंग्रजी तयार मिळतं.

यावर मला हसायचा हक्क नाही. माझ्या धंद्यात तरी वेगळं काय चालतं? तेच बांबू बारशाला, तेच दहाव्याला, वरचं कापड फक्त बदलायचं. महिपतीने शब्दांचे बांबू गोळा केले आणि गावाकडं येऊन निवेदक झाला.

आणि चालला की हो त्याचा धंदा! कोणाही पाहुण्याला बोलावताना तो म्हणायचा, “हू नीड्स नो इन्ट्रोडक्शन”, म्हणजे यांची ओळख करून द्यायची गरजच नाही. आणि एवढं म्हणून झालं की पाव तास ओळख करून द्यायचा. नवरा-नवरीला “मेड फॉर ईच अदर” म्हणायचा, मग ती दोघं सकाळपासून फेट्याच्या रंगावरून भांडलेली का असेनात. रस्त्याचं काम तिसऱ्यांदा रखडलं तेव्हा भर ग्रामसभेत उठून म्हणाला, “याकडे आपण ब्लेसिंग इन डिसगाईज म्हणून बघू या.” लोकांनी अर्थ विचारला. महिपती म्हणाला, “म्हणजे वरून संकट दिसतं, पण आतून वरदान असतं.” त्यावर मागून एक बाई म्हणाली, “खरं हाय बया. खड्डं हायेत म्हनून गाड्या दमानं जात्यात, माझ्या कोंबड्या तरी वाचल्या.” सभा संपली, रस्ता आहे तिथंच राहिला.

झुंबरबाई गेल्या तेव्हा नव्वदीच्या पुढं होत्या. कितीतरी वर्षं अंथरुणाला खिळलेल्या. दहाव्याला महिपतीने आवाज जड केला आणि माईकवर म्हणाला, “गॉन टू सून!” झुंबरबाईंचा मुलगा माझ्या शेजारीच उभा होता. तो स्वतः सत्तरीचा. मला हळूच विचारतो, “काय म्हनला रं?” मी म्हटलं, “लय लवकर गेली म्हणतोय.” म्हातारा म्हणाला, “ह्याला एकदा तिच्या उशाला बसवायला पायजे व्हता.”

पण सगळ्यात मोठा गोंधळ घातला तो त्या लास्ट बट नॉट द लीस्टने. त्याचं असं झालं. एका व्यायामशाळेच्या उद्घाटनाला बाजीराव आबा उशिरा आले. बाजीराव आबा म्हणजे आमच्याकडचे जुने पुढारी, हल्ली बंगल्यांचे प्लॉट पाडून विकायचा धंदा करतात. सगळ्यांची नावं घेऊन झाली होती, नारळही फुटला होता. आता आबांचं नाव शेवटी घ्यायचं म्हणजे अपमान. महिपतीने डोळे मिटले, लोणावळ्याचा हॉल आठवला, आणि भोंगा फुटेल असा ओरडला, “लास्ट... बट नॉट... द लीस्ट!” आबा स्टेजवर चढता चढता थांबले. “काय म्हनला रं मला?” महिपती वाकून म्हणाला, “आबा, शेवटचा, पण सगळ्यांत मोठा.” इंग्रजीत तसं काही नाही म्हणे, माझी पुतणी सांगत होती. पण टाकव्यात आहे. त्या दिवसापासून तो मान झाला.

आता आमच्याकडं मानाचं काय असतं ते सांगायला नको. मानाचा नारळ, मानाचा फेटा, मानाची बैलजोडी. त्यात हा मानाचा लास्ट आला. प्रत्येकाला तोच हवा. आणि शेवटचं व्हायचं तर शेवटी यायला पाहिजे, नाही का? मग पुढारी कार्यक्रमाला येऊन गावाबाहेर गाडीतच बसायला लागले. काच खाली करून माणसाला विचारायचे, “तो गेला का आत? मग आपन जरा थांबू.” दुसरा पुढारी पुलाच्या अलीकडं थांबलेला, तोही हेच विचारतोय. सकाळी दहाचा साखरपुडा दुपारी दोनला. बायका-पोरं उपाशी, आचारी शिव्या घालतोय, आणि मी चौथ्यांदा सनईची तीच टेप लावतोय. एका बक्षीस समारंभात तर महिपतीने सात जणांना लास्ट बट नॉट द लीस्ट केलं. सातवा म्हणाला, “माझ्या येळंला आवाज कमी लावलास.” कपाळ माझं!

बरं, महिपती वाईट माणूस होता का? मुळीच नाही. त्याचं दुखणं एकच होतं, त्याला नाही म्हणता यायचं नाही. कोणालाच. तोंडावर नाही म्हणायची वेळ आली की हा इंग्रजीच्या आडोशाला जाऊन बसायचा. आणि हसणाऱ्यांनी तरी जास्त हसू नये. आपल्याकडं “बघू”, “करू की”, “आपलंच घर हाय”, “काळजी सोडा” हे काय आहे? तेही तयारच. महिपतीने फक्त माल परदेशी आणला.

त्याच्या या आडोशाने गोत्यात आलं ते त्याच्या भावाचं घर. ओढ्याकडचं मोठं खाचर दोघां भावांच्या नावावर. कसायचा दत्तोबा, खायची दोन्ही घरं. समोर डोंगर, खाली पाणी, आणि बाजीराव आबांना तिथं बंगले दिसायला लागले. महिपतीने आपला अर्धा वाटा दिला, तर शेतात जायचा रस्ता त्यात जाणार आणि पाण्याची वाटही त्यातच. उरलेल्या अर्ध्यात दत्तोबाने काय उडून जायचं? म्हणजे महिपतीने होय म्हटलं की दत्तोबा आणि त्याची बायको कस्तुराबाई यांची शेती संपली. एवढा साधा हिशोब. आणि महिपतीला मिळणारे निम्मे कार्यक्रम आबांच्या शब्दावर.

दत्तोबा बोलायला अगदी कमी. पण हा प्रश्न त्याने माझ्यासमोर विचारलेला आहे. त्यांच्या ओसरीवर मी चहा पीत होतो.

“महिपती, तू खाचर इकनार हायेस का न्हाई?”

“दादा, सध्या आपण आपले ऑप्शन्स ओपन ठेवू.”

“म्हंजे?”

“म्हणजे सगळी दारं उघडी ठेवायची.”

“दारं उघडी ठिवली की कुत्री शिरत्यात,” दत्तोबा म्हणाला. “इकनार का न्हाई ते सांग.”

“दादा, ही विन-विन सिच्युएशन आहे. तुम्ही थिंक बिग.”

दत्तोबाने कपातला उरलेला चहा अंगणात टाकला आणि उठून गेला. कस्तुराबाई दारातून सगळं ऐकत होती. ती मला म्हणाली, “संदेश, ह्याला साधं बोलाया काय व्हतं रं? गिळल्यात का काय शब्द?” दर महिन्याला दत्तोबा विचारायचा, दर महिन्याला नवं इंग्रजी. तिकडं आबांनाही महिपती “डील ऑलमोस्ट डन” म्हणून सांगत होता. भिजत घोंगडं ते तसंच भिजत राहिलं.

यंदा उन्हाळ्यात दत्तोबा राब भाजून घरी आला. राब म्हणजे भाताच्या रोपांसाठी जमीन भाजून तयार करायची असते ना, ते. घरी आला, कस्तुराबाईकडं पाणी मागितलं, आणि ती पाणी आणेपर्यंत गेला. मी त्या दिवशी खूप रडलो. माझ्या पहिल्या मंडपाचे खड्डे त्यानेच खणून दिले होते.

दत्तोबाला मुलगा नाही, एकच मुलगी, माधवी, कार्ल्याला दिलेली. म्हणून सगळे विधी महिपतीने करायचे ठरले. दहाव्याच्या आदल्या दिवशी मी सामान घेऊन गेलो तर कस्तुराबाई त्याला सांगत होती, “भाषनं नगं, महिपती. त्यास्नी आवडत न्हवती.”

महिपतीचे डोळे सुजलेले. रडत होता तो, खोटं कशाला सांगू. पण तोंड उघडलं आणि म्हणाला, “वैनी, लोक काय म्हणतील? दादाला ग्रँड सेन्ड-ऑफ द्यायचा.”

कस्तुराबाईने मग माझ्याकडं मोर्चा वळवला. “आन तू ते भोंगं घाटावरच्या उंबरावर बांदू नको. कावळं तितंच बसत्यात.” मी महिपतीकडं बघितलं. महिपती म्हणाला, उंबरावरून आवाज पुलापर्यंत जातो. पुढारी पुलापाशी थांबणार, त्यांना आपली पाळी कळायला नको? बांधले मी उंबरावर. ऑर्डर त्याची होती.

दहाव्याला घाटावर ही गर्दी! निवडणूक तोंडावर आलेली. नदीकाठी दगडावर पिंड मांडलेले, शेजारी दत्तोबाच्या आवडीची नाचणीची भाकरी, ठेचा, तंबाखूची पुडी. कावळा येऊन पिंडाला शिवला की गेलेला माणूस तृप्त झाला, नाही शिवला तर त्याचा जीव कशाततरी अडकलाय. मग घरची माणसं एकेक पुढं होऊन त्याला शब्द देतात, अमुक करीन, तमुक करणार नाही. हे सगळं करायचं कोणी? महिपतीने. आणि महिपती कुठं? डोक्याचा गोटा केलेला, अंगावर ओला पंचा, आणि हातात माझा माईक! गुरुजी पिंडापाशी बसून हाका मारतायत आणि हा माईकवर म्हणतोय, “विदाऊट एनी फर्दर डिले, मी आमंत्रित करतो...” मी त्याला खुणावलं, अरे, जा तिकडं. तो मला हातानेच थांब म्हणाला. दुसऱ्या कोणाला माईक द्यायला त्याचा जीव होईना.

मग सुरू झाली श्रद्धांजली. दुधाच्या संस्थेचा एक संचालक म्हणाला, दत्तात्रयशेठच्या जाण्याने कधीही न भरून येणारी पोकळी निर्माण झाली. दत्तोबाला उभ्या आयुष्यात कोणी शेठ म्हटलं नव्हतं. एक तरुण नेता म्हणाला, दत्तूभाऊंचं क्रिकेटवर अतोनात प्रेम होतं. लोक एकमेकांकडं बघायला लागले. मागाहून कळलं, त्याला त्या दिवशी दोन दहावे होते. माधवी आईचा हात धरून उन्हात बसलेली. कावळे लांब पलीकडच्या बाभळीवर. मध्येच एखादा उंबराकडं यायचा, भोंगा “आधारवड हरपला” म्हणून गरजायचा, की कावळा परत बाभळीवर.

सगळ्यांत शेवटी बाजीराव आबा आले. पुलापाशी गाडीत बसून त्यांनी सगळ्यांची भाषणं संपू दिली होती. महिपतीने त्यांना तो मानाचा लास्ट लावला, सख्ख्या भावाच्या दहाव्याला! आबा घसा खाकरून म्हणाले, “कस्तुराबाईंनी सोताला एकटं समजू नये. काय बी लागू द्या, अर्ध्या रात्री हाक मारा. ह्यो बाजीराव तुमच्या घरचा मानूस हाय. एनी टाईम, एनी हेल्प! मी तुमच्या पाठीशी खंबीरपनं उभा हाय.” कोणीतरी सवयीने टाळी वाजवली आणि लाजून थांबला.

आता तरी कावळा येईल म्हणून सगळे उठून उभे राहिले. नाही आला. माधवी पुढं झाली, हात जोडून म्हणाली, “आण्णा, आईला मी बघीन, तिला एकटं ठेवणार नाही.” नाही आला. ऊन डोक्यावर आलं. गुरुजी घड्याळाकडं बघत म्हणाले, “दर्भाचा कावळा करतो. गवताचा कावळा शिववला तरी चालतं शास्त्राला.”

“न्हाई,” कस्तुराबाई म्हणाली. “गवताचा कावळा नगं. त्यांचं काय आडलंय ते मला म्हाईत हाय.”

ती उठली आणि महिपतीसमोर उभी राहिली. माईक अजून त्याच्या हातात, चालू. “महिपती, त्यांनी तुला इच्यारलं व्हतं. त्याचं उत्तर दे त्यास्नी.”

“वैनी,” महिपती म्हणाला, “धिस इज नॉट द राईट टाईम...” सगळं भोंग्यातून गावभर.

“त्यास्नी मराठी येत व्हतं,” कस्तुराबाई म्हणाली. “मराठीत सांग.”

मी ॲम्प्लिफायरपाशी उभा होतो. महिपतीचा श्वास भोंग्यातून ऐकू येत होता. त्याने एकदा आबांकडं बघितलं, आबा घाटाच्या पायऱ्या न्याहाळत होते. एकदा माझ्याकडं बघितलं, जसं काही मीच त्याला एखादं वाक्य हळूच सांगणार होतो. माझ्याकडं कुठलं आलंय! शेवटी तो पिंडापाशी गेला आणि गुडघ्यांवर बसला.

“दादा,” तो म्हणाला. “न्हाई इकनार.”

सगळे बाभळीकडं बघायला लागले. कावळा हलला नाही. गर्दीतून कोणीतरी म्हणालंच, “ह्याच्या शब्दावर कावळा तरी कसा इस्वास ठिवल?” कुत्सित बोलणं होतं, पण खोटं म्हणायचीही सोय नव्हती. महिपती मान खाली घालून तसाच बसला होता, आणि त्याचे खांदे हलत होते.

कस्तुराबाई तशीच वळली. “आबा, तुमी आत्ताच म्हनलात, काय बी लागलं तर मागा. मागते. तुमी खाचर घेनार न्हाई, आसं त्यास्नी सांगा.”

आबा गडबडले. “वैनी, मी तुमच्या पाठीशी...”

“पाठीशी नगं. हितं फुडं या.”

आबांच्या पाचावर धारण बसली. इकडं बघतात तर गाव, तिकडं बघतात तर पोरांनी मोबाईल वर धरलेले. पिंडापुढं कोणी खोटं बोलत नाही आमच्याकडं, म्हणजे निदान आजवर कोणी बोललेलं ऐकिवात नाही. आबा पुढं आले. महिपतीने बसल्या बसल्या माईक त्यांच्या हातात दिला.

“घेनार न्हाई,” आबा म्हणाले.

“काय घेनार न्हाई?”

“खाचर.”

“कुनाचं?”

“दत्तोबाचं.” कस्तुराबाई बघतच राहिली. “आनि महिपतीचं,” आबा म्हणाले.

मग तिचा हात माझ्याकडं वळला. “आन तू. बंद कर ते.”

मी बटण दाबलं. खरं सांगतो, इतकी शांतता मी धंद्यात कधी ऐकली नव्हती. नदीचा आवाज यायला लागला. थोडा वेळ गेला, आणि बाभळीवरून एक कावळा आला, आधी उंबरावर बसला, मग खाली उतरून पिंडाला शिवला आणि नाचणीच्या भाकरीचा तुकडा घेऊन उडाला. बायकांनी डोळ्यांना पदर लावले. तो शब्दामुळं आला, का भोंगा बंद झाल्यामुळं, यावर गावात अजून दोन तट आहेत. मी कुठल्याच तटात नाही, मला दोघांकडंही मंडप घालायचे असतात.

घरी आमटी-भाताची पंगत होती. आबांना न जेवता जाणं शक्य नव्हतं. दहाव्याचं पान सोडून गेले असते तर ते मोबाईलमध्ये आलं असतं. ते बसले, आणि नेमकी त्यांच्या शेजारची जागा मला मिळाली. महिपती पंगतीला पाणी वाढत होता. बोडकं डोकं, हातात तांब्या, आणि प्रत्येकापुढं वाकून एकच शब्द. “पानी?” पुढच्या पानाकडं. “पानी?” एवढंच. लोकांना चुकल्यासारखं वाटत होतं. एकाने तर विचारलं, “घसा बसला का रं?”

आबांच्या पानापाशी तो वाकला तेव्हा आबांनी भात कालवत, मान वर न करता, हळूच सुरुवात केली. मला ऐकू येऊ नये असा आवाज. पण भोंग्याचा माणूस मी, मला ऐकू येतं.

“महिपती, लोकांफुडं बोलावं लागतं. कळतं मला. तुजं बी आन माजं बी. म्हैनाभर जाऊ दे. मग आपन दोघं निवांत बसू. काय?”

मी मनात म्हटलं, आलं. आता येणार. विन-विन येणार, ऑप्शन्स येणार. इथं ना कावळा होता, ना माईक, ना कस्तुराबाई. आबांच्या आणि त्याच्यामध्ये फक्त आमटीचं पातेलं. माझा घास हातातच राहिला.

“न्हाई, आबा,” महिपती म्हणाला.

“न्हाई म्हंजे? आत्ता न्हाई?”

“कदीच न्हाई. इकनार न्हाई.”

आबांनी आता मान वर केली. “मग माज्या वाढदिवसाला दुसरा कुनीतरी बगावा लागंल.”

“बगा.”

त्याने आबांच्या पेल्यात पाणी ओतलं. थोडं पानावर सांडलं. त्याने ते पंच्याने पुसलं आणि माझ्याकडं सरकला.

“पानी?”

मी पेला पुढं केला.